बास गिटारवर मोड्स (एकाच स्केलचे, वेगळ्या स्वराला सा धरून होणारे प्रकार): स्वर तेच, मग डोरियन वेगळा कसा?

खर्जवाला: मेजर स्केल फ्रेटबोर्डवर पाठ आहे, पण डी डोरियन म्हणजे सी मेजरच डी पासून वाजवायचं एवढंच का? मग वेगळं का नाही वाटत राव

तंबोरा: कारण तुझा कान अजून सी लाच सा धरतोय. ओपन डी (मोकळी डी तार) वाजत ठेव आणि त्यावर खेळ, कोमल ग, कोमल नी, बाकी शुद्ध, आपला काफी थाटच की तो!

स्लॅपोबा: डी मायनरवर बी लावला तर डोरियन, बी फ्लॅट लावला तर एओलियन म्हणजे आसावरी थाट. हा एकच स्वर आधी ऐक, सातही मोड घोकत बसू नको. सा शेवटी बासवालाच ठरवतो, गिटारवाले काहीही म्हणोत 😄

खर्जवाला: मग सी मेजरच्याच स्वरांत जी ला सा धरून थांबलो तर खमाज थाट?

तंबोरा: हो, मिक्सोलिडियन.