दवाखान्यात बीपी १५८, घरी १२८. खरं कोणतं?

चष्मेवाली:
बाबा ६७ वर्षांचे. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेले, तर बीपी १५८/९४ निघालं. पुढच्या खेपेला १५२/९०. घरच्या मशीनवर मात्र १२८/८०च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर घरी मोजून आणा, मग गोळीचं ठरवू. बाबांचं म्हणणं, "मशीन सांगतंय ना मी ठणठणीत आहे म्हणून? विषय संपला!" खरंच संपला का?

बिनसाखर:
आमच्या आईचं असंच. डॉक्टर दिसले की बीपी चढतं. शेवटी २४ तासांचं मशीन लावलं तेव्हा उलगडा झाला. ठरावीक वेळाने दंड आवळतो, झोपेचं खोबरं होतं, बाकी त्रास नाही.

ओपीडीतली सिस्टर:
डॉक्टरांचं बरोबर आहे, पण मोजायचं कसं हे सांगायला कुणाला वेळ नसतो. ओपीडीत रोज बघते. माणूस जिना चढून येतो, टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत बसतो, वर सरकवलेली बाही दंडाला काचत असते आणि पट्टा फुगत असतानाच गुडघ्याची कहाणी सुरू होते. त्या आकड्यात थोडं बीपी आणि बरीचशी धावपळ असते.

घरी आधी लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प, टीव्हीही बंद. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नाही. मग मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. जास्त बीपीची दवाखान्यातली रेघ १४०/९०, घरची १३५/८५. नेटवर १३०/८० वाचाल, ती अमेरिकेतली २०१७पासूनची व्याख्या. गोंधळू नका.

मशीन मनगटावरचं असेल तर मी त्याच्या भरवशावर काही ठरवणार नाही.

आणि गुडघ्यासाठी कोणती गोळी घेतात?

चष्मेवाली:
डायक्लोफिनॅक! डॉक्टरांना बोललेले नाहीत, स्वतःच आणतात. मशीन दंडावरचं आहे, पण पट्टा जेमतेम पुरतो. म्हणजे १२८ही खोटंच का?

ओपीडीतली सिस्टर:
वाटलंच मला. या जातीच्या वेदनाशामकांनी, आयब्युप्रोफेन धरून, बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. डॉक्टरांना आधी हे सांगा. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं का, गोळीऐवजी वरून लावायच्या जेलवर भागेल का, तेही विचारा.

पट्टा आखूड पडला तर आकडा फुगतो, घटत नाही. त्यामुळे १२८ची काळजी नको, तरी मोठा पट्टा घ्याच. पुढच्या वेळी मशीन सोबत न्या आणि तिथल्या मशीनशी त्याच दंडावर ताडून बघा.

विषय मात्र संपलेला नाही. फक्त दवाखान्यातच वाढणारं बीपी पुढे कायमचं होऊ शकतं, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासणी लागतेच. मधेच १८०/१२०च्या वर गेलं आणि छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं, तर आकडे लिहायची वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

चष्मेवाली:
वही बाबांनाच लिहायला सांगू ना?

ओपीडीतली सिस्टर:
सांगा की. फक्त मशीनची मेमरी अधूनमधून उघडून बघा. आमच्याकडे येणाऱ्या वह्यांत आवडलेले आकडेच तेवढे उतरवलेले असतात.