मदत हवी आहे: जुना जॅझ बेस (फेंडरची बेस गिटार), नेकवर (दांड्यावर) ‘मेड इन जपान’. अख्खा अस्सल की जोडतोड?

नमस्कार मंडळी,

कोपरीला (ठाणे पूर्व) एका काकांकडचा बेस घ्यायचा विचार चाललाय. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गडकरी रंगायतनला त्यांचे बरेच कार्यक्रम झालेत. आता बोटं साथ देत नाहीत म्हणून विकतायत. बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने १९८६च्या सुमारास जपानहून आणला, असं सांगतात. पावती अर्थातच नाही. काकांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण इतक्या वर्षांत कोणी काय बदललं हे त्यांनाही नीट आठवत नाही. ३५ हजार म्हणतायत.

हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकाला) फेंडरचा लोगो आहे, बोट फिरवलं की कड लागते. नेकच्या मागे, बॉडीला मिळते तिथे, ‘मेड इन जपान’ आणि ‘ई’ अक्षरापुढे सहा आकडे. नटपाशी (तारा टेकतात त्या वरच्या पट्टीपाशी) रुंदी ३८ मिमी, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, म्हणजे जॅझ बेसला साजेसं सगळं. खटकतं ते पुढे. दोन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) एकाच लांबीचे आहेत. पिकगार्डच्या (बॉडीवरच्या प्लास्टिक पत्र्याच्या) कडेखालून एक बुजवलेलं भोक डोकावतंय. आणि पांढरा रंग इतका जाड बसलाय की ब्रशने मारला असावा.

जाणकारांनी सांगावं: हा खरंच जपानी फेंडर का? आणि ३५ हजार द्यावेत का?

प्रतिसाद १
‘ई’वरून एकदम उडी मारू नका. फेंडर जपान १९८२ला सुरू झाली, पहिले नंबर ‘जेव्ही’चे, मग ‘एसक्यू’, आणि ‘ई’ साधारण १९८४ ते ८७. काकांची गोष्ट जुळते. पण अमेरिकन फेंडरनेही ऐंशीच्या दशकात ‘ई’च वापरलं, त्यामुळे सोबतचा ‘मेड इन जपान’ जास्त मोलाचा.
लोगोचं म्हणाल तर त्यावरून काहीच ठरत नाही. फेंडरने स्वतः साठच्या दशकात लॅकरच्या वर लोगो लावलेत, आणि तयार स्टिकर आज कुणीही मागवू शकतो.

प्रतिसाद २
मुद्दा वेगळाच आहे. तो नंबर नेकवर आहे, आणि नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. म्हणजे नंबर खरा ठरला तरी तो फक्त नेकचा. बॉडी कुठलीही असू शकते.
काकांना विचारून उघडा. तारा आधी सैल करा, स्क्रू हाताने काढा, ड्रिल मशीन लावू नका. नेक आणि बॉडीचा खाचा दोन्हीचे फोटो टाका. कंट्रोल प्लेट (नॉबखालची पट्टी) उचलून पॉट (नॉबने फिरणारे आवाजाचे भाग) बघा. त्यांच्यावर १३७ने सुरू होणारा सात आकडी नंबर असेल तर ते अमेरिकेच्या सीटीएस कंपनीचे. पुढचे दोन आकडे साल, शेवटचे दोन आठवडा. जपानी बेसमध्ये सहसा लहान मेट्रिक पॉट असतात. आणि बॉडीची जाडी मोजा. फेंडरची साधारण ४४-४५ मिमी असते.
पिकअप सारखे असणं हा नकलीचा पुरावा नाही. फेंडरच्या जुन्या रिवाजात नेककडचा किंचित आखूड असतो, पण स्क्वायरच्या (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या) अनेक बेसमध्ये दोन्ही सारखेच येतात.

प्रतिसाद ३
पांढऱ्या रंगाचं आश्चर्य नको. ऑर्केस्ट्रात स्टेजच्या दिव्यात दिसावं म्हणून लोक काय काय रंगवायचे! आमच्या बेंजो पार्टीत एकाने बेस पोपटी केला होता.

धागाकर्ता
उघडला. काका शेजारीच बसले होते, एकेक स्क्रू वाटीत जमा करत. नेक स्वच्छ आहे, ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) फिरतो. बॉडीची जाडी ४१ मिमी. खाच्यात नेक सैल बसते, म्हणून बाजूला पुठ्ठ्याची पट्टी कोंबली होती. पॉट तीन, त्यातले दोन सारखे आणि एक वेगळाच, सोल्डरचे डागही ओबडधोबड. १३७ कुठेच नाही.

प्रतिसाद २
मग माझ्या मते नेक जपानी, बॉडी नंतरची. अस्सल बॉडीवर पुठ्ठा कोंबायची वेळ सहसा येत नाही, आणि ४१ मिमी म्हणजे कुठल्यातरी स्वस्त बेसची. काकांना फसवायचं असतं तर त्यांनी उघडू दिला नसता. हा बदल मधल्या काळात दुरुस्तीच्या नावाखाली झाला असणार. मूळ बॉडी कुणाच्या माळ्यावर पडलीय का, एवढं विचाराच. ती मिळाली तर ३५ हजारांत डोळे झाकून घ्या. नाही मिळाली तर नेक आणि पिकअपचेच पैसे लावा, मी वीसच्या वर जाणार नाही.

धागाकर्ता
विचारलं. त्यांच्या जुन्या ड्रमरकडे डोंबिवलीला काही सामान आहे म्हणतात, फोन करून कळवतील. तोवर नवी मुंबईत, शक्यतो वाशी-नेरुळकडे, फ्रेट लेव्हल करणारा चांगला कारागीर कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. बाराव्या फ्रेटनंतर तार खडखडते.