नवीन फोन येतोय! हातात पडण्याआधीची तयारी आणि आपली खारी हवा : अनुभव लिहा

खाडीकाठ
मखराचं सामान काढायला माळ्यावरची पेटी खाली आली आणि तळाशी नोकिया ११०० निघाला. २००३ सालचं मॉडेल. वरच्या टोकाला टॉर्च आणि सगळ्या बटणांवर मिळून एकच अखंड रबराचा पापुद्रा. त्या पापुद्र्यामुळे धूळ आणि घामाची ओल बटणांखाली जायचीच नाही. तो हातात घेतला आणि घरात पहिला मोबाइल आला तेव्हाची सगळ्यांची लगबग आठवली.

तीच लगबग आता पुन्हा. नवीन फोन मागवलाय, चतुर्थीच्या आत येईल. हे वाट बघण्याचे दिवस फार गोड असतात, पण खरी तयारीही याच दिवसांत होते. म्हणून जाणकारांनी लिहा. नुसतं 'मस्त फोन आहे' नको. काय बिघडतं, का बिघडतं आणि आपल्या हवेत काय करावं ते हवं.

सुरुवात करतो. सिम बदलायचं असेल, ई-सिम घ्यायचं असेल, तर फोन येण्याच्या निदान दोन दिवस आधी उरकून घ्या. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, येणारे आणि जाणारे दोन्ही. म्हणजे ओटीपी नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही, कारण ती तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवूनच होते. फोन आला त्याच दिवशी सिम बदललं की बाजारात खिशात रोख नसताना अडकायला होतं.

सुपारीची_वाडी
अभिनंदन दादा! कुठला घेतलात ते सांगितलंच नाही 😊

यूपीआयचं अजून थोडं. त्या एसएमएसचे पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून प्रीपेडवर शिल्लक हवी. नुसता डेटा पॅक असून उपयोग नाही. दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेला नंबर ज्या खोबणीत आहे तीच निवडा, नाहीतर 'पडताळणी अयशस्वी' एवढंच येत राहतं आणि कारण कळत नाही. फोन बदलल्यावर पहिले २४ तास रक्कम पाठवण्यावर मर्यादा असते. मूर्तिकाराचे, भटजींचे, किराणावाल्याचे मोठे पैसे जुन्या फोनवरून आदल्या दिवशीच देऊन टाका.

चार्जिंग_जॅक
रिपेअरिंगच्या टेबलावरून लिहितोय. आपल्याकडे पावसात सगळ्यात जास्त येतं ते चार्जिंग पोर्टचं काम.

टाइप-सीच्या तोंडात २४ पिना असतात. त्यातल्या चार पिनांवरून चार्जिंगची वीज येते. पोर्टमध्ये नुसती ओल असेल तर ती वाळते. पण ओल असताना चार्जर लावला की त्या पिना आणि ग्राउंड (वीज परत जाते ती पिन) यांच्यामध्ये पाण्यातून करंट वाहायला लागतो. आपलं पाणी, घाम, अगदी हवेतली ओलसुद्धा खारट, म्हणून हे झपाट्याने होतं. सोन्याचा मुलामा जातो, खालचं तांबं उघडं पडतं, हिरवट-काळी बुरशीसारखी पूड धरते. भिंगातून बघितलं की बाकीच्या पिना पिवळ्याधमक आणि वीज येणाऱ्या तेवढ्याच काळ्या दिसतात. मग चार्जिंग हळू होतं, वायर एका कोनात धरली तरच चालतं, शेवटी सब-बोर्ड (पोर्ट बसवलेली आतली छोटी पट्टी) बदलावा लागतो.

उपाय साधा आहे. 'ओलावा आढळला' असा इशारा आला तर तो खोटा समजून दुसरी वायर लावून बघू नका. फोन बंद करा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्याखाली ठेवा. घाई असेल तर वायरलेस चार्जिंग, असल्यास.

चार्जिंग_जॅक
आणि हो, वायर पूर्ण आत बसत नसेल, बाहेर एखादा मिलिमीटर फट राहत असेल, तर ते पोर्ट खराब नसतं. खिशातल्या कापसाचा गठ्ठा तळाशी दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद उकरून काढा. सुई, टाचणी नको, मधली पट्टी वाकते.

तळकोकणातलो
तांदळात ठेवू नको म्हणून कोणीतरी सांगा रे ह्या लोकांका! तांदळाचा पीठ भोकात जाता आणि पाणी थंयच रवता. वर ते तांदूळ पेजेक पण नको वाटतत.

मिरकरवाडा_जेटी
आयपी६८ लिहिलंय म्हणून बिनधास्त समुद्रात नेणाऱ्यांसाठी.

पहिला आकडा ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. पण ही चाचणी गोड्या, शांत पाण्यात होते. लाटेचा मार, होडीवरच्या पाइपची धार यात धरलेली नाही, धारेसाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे असतात. खाऱ्या पाण्याची हमी तर कोणीच देत नाही. सील म्हणजे आत चिकटपट्टी आणि रबराच्या कडा. फोन एकदा पडला, कड वाकली, किंवा बॅटरी बदलायला उघडला, की तो आकडा खोक्यावरच राहिला म्हणायचं. पाणी आत गेलं तर वॉरंटी सहसा मिळत नाही. सिम ट्रेच्या खोबणीत पांढरी टिकली असते, पाणी लागलं की लाल होते, सर्व्हिस सेंटरवाले आधी तीच बघतात.

समुद्राचं पाणी उडालंच तर, आयपी६८ फोन असेल आणि कुठे तडा नसेल, तर गोड्या पाण्याने हळुवार धुवा. मीठ आत वाळलं की खडे होतात, स्पीकरची जाळी बंद होते. फोन साधा असेल तर धुवायचा नाही. लगेच बंद, ट्रे बाहेर, आणि सरळ दुकानात.

बोटीवर स्क्रीनवर खारं पाणी असलं की बोट न लावताही टच होत राहतो, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि काचेला ते बोटासारखंच वाटतं. सुक्या कपड्याने पुसल्याशिवाय कितीही दाबलं तरी उपयोग नाही. आणि जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उघडं आकाश लागतं. नकाशा मात्र जेटीवर असतानाच डाउनलोड करून ठेवा.

खाडीकाठ
@मिरकरवाडा_जेटी, हे सोन्यासारखं लिहिलंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या दिवसांत फोन नुसता पडून राहतो, त्याचं काय करावं?

मिरकरवाडा_जेटी
पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. ५० टक्क्यांवर बंद करा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले (केशरीवाले हिरवे होतात) की पुड्या बदला. कॅमेऱ्याच्या काचेमागे धुकं, बुरशी धरते ती याने थांबते. महिन्याने एकदा काढून चार्ज बघा.

पांढरा_समुद्र
रत्नागिरीकरांनो, मांडवी, भाट्ये, काळबादेवीची वाळू आठवा. ती काळी दिसते कारण तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे. मॅग्नेटाइट चुंबकाला धावून चिकटतं. फोनच्या स्पीकरमध्ये, इअरपीसमध्ये चुंबक असतातच, काही फोनच्या मागच्या वायरलेस चार्जिंगच्या कड्यातही असतात. फोन वाळूत ठेवला की काळी भुकटी जाळीवर मिशीसारखी उभी राहते. फुंकर मारली की आत जाते. ब्रश लावला की घासते. सेलोटेपचा तुकडा चिकट बाजूने जाळीवर दाबून उचलायचा, दर वेळी नवा तुकडा घेऊन, तीन-चार वेळा.

कव्हर आणि फोन यांच्या मधली वाळू जास्त वाईट. क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण, त्यामुळे खिशातल्या खिशात पाठ आणि कडा घासत राहतात. किनाऱ्यावरून आलं की कव्हर काढून धुवायचं, पूर्ण वाळवून मगच घालायचं.

काजू_बी
टेम्पर्ड ग्लास कुठली लावू? वक्र स्क्रीन आहे 🙏

चार्जिंग_जॅक
वक्र असेल तर ग्लास चिकटवायला यूव्हीवाला (दिव्याखाली सुकणारा) गोंद ओततात, तो इअरपीसच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो. आवाज बसतो, बटण जाम होतं. लावायचाच तर आधी जाळी आणि बटणं टेपने बंद करणारा माणूस बघा. मी तरी वक्र स्क्रीनला साधी फिल्मच सुचवेन. इनडिस्प्ले फिंगरप्रिंट असेल तर ग्लास लावल्यावर जुने ठसे पुसून बोटं नव्याने नोंदवा.

चिरेबंदी
फोन घेण्याआधी बॅण्ड (फोनला पकडता येणारे फ्रिक्वेन्सीचे पट्टे) बघा, हे कोणीच सांगत नाही.

आपली घरं चिऱ्याची, भिंती जाड, गाव दरीत, टॉवर डोंगराच्या पलीकडे. अशा ठिकाणी कमी फ्रिक्वेन्सीच उपयोगी पडते. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. ३३०० ची लहर वेगाला उत्तम, पण एका चिऱ्याच्या भिंतीत दमते. ७०० चा पट्टा जिओने २०२२ च्या लिलावात देशभर घेतला, ५जी मध्ये त्याला एन२८ म्हणतात. बीएसएनएलचं ४जी सुद्धा ७०० वर आहे, तिथे तो बॅण्ड २८. कंपनीच्या पानावर बॅण्डची यादी असते, तिच्यात २८ आणि एन७८ (५जीचा ३३०० वाला पट्टा) दोन्ही हवेत. परदेशातून मागवलेल्या फोनची यादी तर दोनदा वाचा.

घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, माजघरातसुद्धा फोन लागेल. आणि रेंज नाही तिथे ५जी बंद करून ४जी ठेवा. फोन सतत सिग्नल शोधत राहिला की बॅटरी तापते आणि दुपारीच संपते. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत तेच होतं. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, त्यात विमान मोड लावलात तरी चालेल.

वेंगुर्ला_वारा
करबुडे म्हटलं आणि गाडीच्या खिडकीतला गार वारा आठवला. कोणाला तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट मिळालं का हो? आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आमचं वेटिंगच राहिलंय.

सुपारीची_वाडी
@वेंगुर्ला_वारा, गणपती स्पेशलच्या घोषणेवर लक्ष ठेव गं, मिळेल नक्की.

व्हॉट्सॅपचं लिहायचं राहिलं. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जायचं तर ड्राइव्हच्या भानगडीत पडायची गरज नाही. जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नव्यात त्याच नंबरने सुरू करून क्यूआर कोड जुळवायचा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू हवं, दोन्ही फोन शेजारी, स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही. ड्राइव्हवर बॅकअप घेत असाल तर तो आता तुमच्या १५ जीबीतच धरला जातो. फोटोंनी जागा भरली असेल तर बॅकअप कधीपासून थांबलाय ते आधी बघा, तारीख तिथेच दिसते. बॅकअपला पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवायलाच हवा, विसरलात तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी 'मूव्ह टू आयओएस' आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरायचं. आयफोन वापरायला लागल्यावर आठवलं तर तो पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनला लागणारे) कोड विसरू नका. जुना फोन पुसण्याआधी एक्स्पोर्ट करून क्यूआरने नव्यात घ्या.

जाखडी_प्रेमी
नवीन फोनवर पहिलं रेकॉर्डिंग आरतीचं आणि जाखडीचंच होणार, म्हणून एवढं ध्यानात ठेवा. मांडवातल्या एलईडी माळा ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात. शटर तिच्याशी जुळलं नाही तर व्हिडिओत काळे पट्टे सरकत जातात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. रात्री ६० फ्रेम नको, ३० ठेवा, प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त मिळतो. १०८०पी, ३० फ्रेमला साधारण १०० ते १३० एमबी मिनिटाला धरा, म्हणजे दोन तासांच्या भजनाला १२ ते १६ जीबी. ४के मध्ये त्याच्या तिप्पट. ढोलकीच्या अगदी जवळ उभं राहिलं की माइक फाटतो, चार-पाच पावलं मागे या आणि मग झूम करू नका, चालत पुढे-मागे व्हा.

काजू_बी
हे वहीत लिहून घेतलं!! 🙏🙏

चिरेबंदी
डिलिव्हरी आली की खोक्याच्या लेबलपासून एका दमात व्हिडिओ काढत उघडा. \*#०६# लावून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनचं मॉडेल परत येतं. त्यात वेगळंच काही आलं तर फोन घेऊ नका. सॅमसंगमध्ये \*#०\*# लावून शुद्ध लाल, हिरवा, निळा पडदा बघता येतो, मेलेला ठिपका तिथेच दिसतो. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत हे सगळं करा. बिलाचा फोटो ईमेलवर टाका, कागदी बिल आपल्या हवेत वर्षभरात पांढरं होतं.

खाडीकाठ
किती आपुलकीने लिहिताय सगळे. एक राहिलं. जुना फोन आईकडे जाणार आहे, रीसेट मारून देऊ ना?

चार्जिंग_जॅक
आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल खातं काढा, मग रीसेट. उलट केलंत तर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो. मागचं झाकण कडेला किंचित उचललेलं वाटलं तर बॅटरी फुगलीय, दाबून बसवू नका, आणि तशी आईंच्या हातात देऊ नका. आधी बदला.

काजू_बी
सिम ट्रेची पिन हरवली तर?

चार्जिंग_जॅक
कागदाची यू-पिन सरळ करा, चालते. फक्त भोक नीट बघा. ट्रेचं भोक ट्रेच्या पट्टीवरच असतं. खालच्या कडेला टाइप-सीशेजारी एकटं असतं ते माइकचं, त्यात पिन घातलीत तर समोरच्याला तुमचा आवाज ऐकू जायचा बंद होईल.