आधी भांडी वाजली

'भूकंपाचा धक्का बसल्यावर तुम्ही पहिलं काय केलंत?' असं कोणीतरी विचारलंय. खरं सांगायचं तर काहीच नाही, नुसते बसून राहिलो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पुण्यात लक्ष्मी रोडवर मिरवणूक बघून आम्ही दोनच्या सुमाराला वाड्यात परतलो होतो. चारला चार-पाच मिनिटं कमी असताना मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली. भाऊ झोपेतच म्हणाला, "ढोलपथक आलं वाटतं." आजी मात्र ताडकन उठली आणि "कोयना!" म्हणून ओरडली. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेच्या भूकंपाचा पहाटेचा धक्का तिच्या अंगात मुरलेला होता. पाच मिनिटांत अख्खा वाडा चौकात. आजीने खाली येताना काय आणलं असेल? दुधाचं पातेलं. मग तिथेच कोणीतरी स्टोव्ह पेटवला, चहा झाला, थट्टामस्करीही झाली. आमच्यापासून जवळपास ३०० किलोमीटरवर किल्लारीत दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती, हे रेडिओवरून कळलं तेव्हा हातातला चहा गारढोण. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

वादळाचं वेगळं असतं, ते सांगून येतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं तेव्हा इथे आम्ही गॅलरीतल्या कुंड्या आत घेत होतो. संध्याकाळी सोसायटीतला गुलमोहर दोन स्कूटरींवर आडवा. तो बघायला अडीच महिने घरात कोंडलेली सगळी मंडळी मास्क लावून खाली! स्कूटरवाले सोडून सगळे खुशीत.