मदत हवी आहे: युनिटेरियन चर्चमध्ये मुलांच्या धर्मशिक्षणाचं काम, मेंटॉर कसा शोधावा?

नमस्कार. न्यू जर्सीतल्या एका युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्ये मी या सप्टेंबरपासून धर्मशिक्षण संचालक आहे, अर्धवेळ. मुलांच्या विभागात पगारी माणूस मी एकटीच. शिकवणारे सगळे पालक आणि स्वयंसेवक. इथे कुणी या क्षेत्रात असेल तर सल्ला हवा आहे.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्याच मदतीने. अमेरिकेत युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट १९६१ साली एकत्र आले. इथे ठरावीक श्रद्धेची कबुली कुणाकडून घेत नाहीत. एकाच वर्गात ज्यू घरातलं मूल असतं, नास्तिक घरातलं असतं, माझ्यासारख्या हिंदू घरातलंही असतं. आजोबा मेल्यावर कुठे गेले, असं सात वर्षांच्या मुलीने विचारलं की पाठ केलेलं उत्तर कुणाकडेच नसतं. मला हे काम मनापासून आवडतं ते यासाठीच.

पाठांची अडचण नाही. 'टॅपेस्ट्री ऑफ फेथ'चे अभ्यासक्रम मोफत मिळतात. पण त्यातले बरेच आमच्या पंथाच्या जुन्या सात तत्त्वांवर बेतलेले आहेत. जून २०२४ च्या अधिवेशनात त्या तत्त्वांच्या जागी प्रेमाला केंद्रस्थानी ठेवणारी मूल्यं आली. आता जुन्यातलं काय ठेवायचं, काय नव्याने मांडायचं, हे कुणाशी तरी बसून बोलायला हवं. आमच्या मिनिस्टर (चर्चच्या धर्मोपदेशक) समजूतदार आहेत, वेळही देतात. पण माझं वार्षिक मूल्यमापन त्याच करणार. "हा वर्ग मला सांभाळता येत नाहीये" हे त्यांच्यापाशी मोकळेपणाने कसं बोलू?

मेंटॉर बाहेरच्या चर्चचा असावा का? कुणाकडे मागायचा? आणि अर्धवेळ नोकरीत रेनेसाँ मॉड्यूल (धर्मशिक्षकांसाठीचा छोटा प्रशिक्षणवर्ग) आधी करावं, 'अवर होल लाइव्ह्ज'चं प्रशिक्षण घ्यावं, की थेट क्रेडेन्शियलिंगला, म्हणजे धर्मशिक्षक म्हणून अधिकृत मान्यतेसाठी, नाव द्यावं?

प्रतिसाद

ताई, मी मिडवेस्टात बरीच वर्षं हेच काम करतोय. मेंटॉर बाहेरचाच हवा, यात मला शंका नाही. ज्याच्या हातात तुमची पगारवाढ नाही, त्याच्यापुढेच माणूस खरं बोलतो. लरेडा ही उदारमतवादी धर्मशिक्षकांची संघटना १९४९ पासून आहे. सभासद व्हा आणि तुमच्या भागातल्या शाखेत विचारा. तुमचं चर्च सेंट्रल ईस्ट विभागात येतं, तिथल्या विभागीय कर्मचाऱ्यांनाही लिहा. नुसतं "मेंटॉर हवा" असं लिहू नका. "छोटं चर्च, मिश्र वयाचा वर्ग, स्वयंसेवक टिकवायचेत" असं नेमकं लिहिलंत तर जोडी चांगली जमते.

पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: किती महिने, महिन्यातून कितीदा, आणि बोललेलं कुठे जाणार नाही. दर वेळी त्या महिन्यातला एक प्रसंग लिहून न्या. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या लिहिण्याने.

आधी रेनेसाँ मॉड्यूल करा. एक साधारण पंधरा तासांचं असतं, आणि तिथे भेटलेली माणसं पुढे उपयोगी पडतात. 'अवर होल लाइव्ह्ज' हे लैंगिक शिक्षण आहे. ते तुम्हीच शिकवायला हवं असं नाही, दोन योग्य स्वयंसेवकांना प्रशिक्षणाला पाठवा. क्रेडेन्शियलिंग वर्षभराने बघा.

पैशांचं मात्र आत्ताच बोला. बऱ्याच चर्चचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, म्हणजे प्रशिक्षणासारख्या व्यावसायिक खर्चाची मागणी हिवाळ्यातच विश्वस्तांपुढे जायला हवी. हा पैसा पगारातून कापून नव्हे, वेगळा मागा.

धागाकर्ती

मनापासून आभार. विभागाला आजच लिहिते. एक शंका राहिली: प्रसंग लिहून न्यायचा तर मुलांबद्दल कितपत सांगावं?

प्रतिसाद

नाव आणि ओळखू येईल असे तपशील वगळून सांगा, तेवढं पुरतं. पण मुलाच्या सुरक्षिततेची शंका आली तर मेंटॉरच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी मिनिस्टरांना सांगा आणि चर्चच्या सुरक्षा धोरणाप्रमाणे चाला. ते धोरण अजून वाचलं नसेल तर या आठवड्यात वाचून घ्या.