लॅमिनेट केलेले मोडी कागद ॲसिटोनने सोडवावेत का?

दांडियाबाजारकर: वडोदऱ्यातील आमच्या घरी गायकवाडी अमलातील मोडी सनदा व पावत्यांचे एक दप्तर आहे. वडिलांनी ते सेल्युलोज ॲसिटेटच्या, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकच्या, पटलात ॲसिटोनचा बोळा फिरवून, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रूढ झालेल्या पद्धतीने, लॅमिनेट करून घेतले होते. आता पटल पिवळे पडले असून त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. ते ॲसिटोनमध्ये बुडवून सोडवावे, असा सल्ला मिळतो. मला तो मान्य नाही. कागद जीर्ण होतो तो मुख्यतः त्याच्या तंतूंतील सेल्युलोजच्या साखळ्या तोडणाऱ्या आम्लामुळे, आणि ते आम्ल धुऊन काढण्याचे काम पाणी जितके करते तितके ॲसिटोन करीत नाही. उलट शाई फुटू नये म्हणून गिरणीच्या कागदात घातलेली राळेची खळ त्यात विरघळते व कागद टिपकागदासारखा होतो.

सुरसागरकाठ: मोडीच्या बाबतीत पाण्याचा हा आग्रह धोक्याचा आहे. काजळीची शाई डिंकात कालवलेली असते. पाण्यात डिंक सुटून अक्षर वाहू शकते, ॲसिटोनला मात्र तो दाद देत नाही. घोटून गुळगुळीत केलेल्या हातकागदाची पिठाची खळही ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, तेव्हा सनदांपुरती तरी आपली राळेची भीती गैरलागू आहे. शिवाय ज्या वासाचा उल्लेख आपण ओझरता केलात, तीच खरी तक्रार आहे: तो ॲसिटिक आम्लाचा वास असून पटलच ते सोडत आहे. पटल तसेच ठेवून आम्ल मारणारे चुन्याचे पाणी आत पोहोचवणार कसे?

दांडियाबाजारकर: सनदांपुरते मी माघार घेतो. पावत्या मात्र गिरणीच्या कागदावर आहेत आणि त्यांवर जांभळे रबरी शिक्के आहेत. पटलाबाहेर राहिलेल्या एका पावतीवर मी ॲसिटोनचा थेंब टाकला, तर शिक्का गुलाबी होऊन पसरला. शिक्का गेलेल्या पावतीला कोण पुरावा मानणार?

सुरसागरकाठ: म्हणून तर प्रत्येक शाईची आधी थेंबाने परीक्षा घेतात. शिक्क्यांच्या पावत्या आज बाजूला ठेवाव्यात, हे मलाही पटते. सनदांना मात्र एकाच ॲसिटोनात घोळवू नये; विरघळलेले ॲसिटेट सुकताना पुन्हा तंतूंवर बसते, म्हणून द्रावण दोन-तीनदा बदलावे, ॲसिटोनची वाफ पेट घेते म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि देवघरातील समई त्या दिवशी लावू नये.

दांडियाबाजारकर: समईचे मान्य. पण आम्ल तरीही कागदातच राहणार, हा माझा मुद्दा कायम आहे.