मुलींची कॉलेज टेनिस फायनल बघायला जायचंय, कुठे बसायचं, काय बघायचं?

वैशाखी:
नमस्कार मंडळी. लेक चौदाची आहे, शाळेच्या टीममधून खेळते, आणि यंदा मे महिन्यात तिला एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) मुलींची टीम चॅम्पियनशिप प्रत्यक्ष दाखवायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मी आजवर टेनिस बघितलं ते सगळं टीव्हीवर, एक कोर्ट, दोघी खेळाडू, पॉइंट चालू असताना चिडीचूप. मागच्या महिन्यात इथल्या युनिव्हर्सिटीची एक मॅच बघायला गेलो तर सहा कोर्टांवर एकदम सहा मॅचेस, सगळीकडून आरडाओरडा, बोर्डावर नुसते आकडे, कुठे बघू तेच कळेना. आणि मधेच एका कोर्टवर सगळी टीम धावत सुटली, मिठ्या काय, उड्या काय, आणि शेजारच्या कोर्टवर दोघी खेळत होत्या त्या तिथल्या तिथे थांबल्या. लेक म्हणे, आई, त्यांची मॅच का नाही पूर्ण केली? मला उत्तर देता आलं नाही. तर ज्यांनी या मॅचेस बघितल्यात त्यांनी जरा सांगा, नेमकं काय बघायचं, कुठे बसायचं, आणि ओरडलेलं चालतं का, कारण लेकीला ओरडायचंच आहे.

ड्यूसवाली:
वैशाखी, लेकीने अगदी मुद्द्याचं विचारलंय. सुरुवातीपासून सांगते. एकूण पॉइंट सात. आधी डबल्सच्या तीन मॅचेस एकदम सुरू होतात, प्रत्येकीत एकच सेट, सहा-सहा झालं तर टायब्रेक. तीनपैकी दोन ज्यांनी मारल्या त्यांना मिळून एक पॉइंट, तिन्ही मारल्या तरी एकच. मग सिंगल्सच्या सहा मॅचेस, बेस्ट ऑफ थ्री म्हणजे तीनपैकी दोन सेट जिंकायचे, प्रत्येकीला एक पॉइंट. ज्या टीमचे चार आधी झाले ती जिंकली, आणि त्या क्षणी बाकीच्या मॅचेस असतील तिथे बंद. निकालात त्यांच्यापुढे अनफिनिश्ड असं लिहितात. तुम्ही बघितलंत ते हेच, चौथा पॉइंट कोणीतरी क्लिंच केला, म्हणजे तो मिळवून निकालच लावला.

दुसरं म्हणजे नो-ॲड. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज वगैरे नाही, एकच पॉइंट, जो घेईल त्याची गेम. सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची ते रिसीव्ह करणारी ठरवते. त्यामुळे गेम भराभर संपतात आणि सहा कोर्टांवर मिळून असा एखादा निर्वाणीचा पॉइंट सारखा कुठे ना कुठे चालूच असतो. बोर्डावर ४०-४० दिसलं की तिकडे वळायचं, मी तरी असंच बघते.

आणि कृपा करून डबल्स चुकवू नका. बरेच जण सिंगल्सला उगवतात, तोवर एक पॉइंट गेलेला असतो. डबल्सचा पॉइंट हातात असला की सिंगल्समध्ये सहापैकी तीनच लागतात, समोरच्यांना चार. पाऊण तासात सगळं आटोपतं पण पुढचे दोन-तीन तास कोण निवांत खेळणार आणि कोण मानेवर ओझं घेऊन, ते तिथेच ठरतं.

बेसलाइन:
वरचं सगळं बरोबर, मी फक्त कुठे बसायचं ते सांगतो कारण त्यात मी एकदा पूर्ण चुकलो होतो. कोचना खेळाडूंची क्रमवारी ताकदीप्रमाणे लावावी लागते, एक नंबर कोर्टवर सगळ्यात तगडी आणि सहावर सहाव्या नंबरची. साहजिकच सगळी गर्दी एक नंबरमागे, मीही तिथेच बसलो होतो. पण पॉइंट दोन्हीकडे सारखाच! एक नंबरवरची पुढे प्रोफेशनल होऊन ग्रँड स्लॅम खेळेल, सहावरची कदाचित शिकून नोकरीला लागेल, त्या दुपारी मात्र दोघींची किंमत एक-एक पॉइंट. आम्ही एक नंबरवरचे सणसणीत फोरहँड बघत बसलो आणि ३-३ झाल्याचं कळलं तेव्हा सगळा मामला पाच नंबरवर येऊन थांबला होता, लांब कोपऱ्यात, मला फक्त पाठीच दिसत होत्या.

पुढच्या वेळी मी चार आणि पाचच्या मध्ये जागा धरली. तिथे जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. तिसरा सेट, पाच-चार, सर्व्हिस करायला मुलगी लाइनवर उभी, बॉल दोनदा आपटला, तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात पलीकडच्या कोर्टवरून किंकाळी आली. तिने वळून बघितलं. तिचीच टीम जिंकली होती. हातातला बॉल तिने सोडला नाही, तसाच मुठीत धरून पळत सुटली. आणि नेटपलीकडची मुलगी रिटर्नसाठी वाकलेली, ती तशीच दोन-तीन सेकंद वाकून राहिली, मग सावकाश सरळ झाली, रॅकेटच्या तारा बोटांनी नीट करत बसली. अडीच तास खेळली होती ती आणि रेकॉर्डमध्ये ना हार ना जीत. विजेत्यांच्या उड्या सगळेच बघतात, लेकीला त्या दुसऱ्या मुलीकडेही बघायला सांगा.

तिसरासेट:
ओरडण्याबद्दल. ओरडा, बिनधास्त ओरडा, इथे ते चालतंच. टीममधल्या ज्यांची मॅच संपली त्या कठड्याशी उभ्या राहून घसा बसेपर्यंत ओरडत असतात, प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या ठरलेल्या आरोळ्या असतात. पण पॉइंट सुरू झाला की गप्प, आणि समोरचीने डबल फॉल्ट केला (दोन्ही सर्व्हिस चुकल्या) म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

ड्यूसवाली:
डबल फॉल्टचं पटलं, पण पॉइंट चालू असताना पूर्ण शांतता सहा कोर्टांवर कशी शक्य आहे? तीन नंबरवर पॉइंट संपतो तेव्हा चार नंबरवर रॅली चालू असते, टाळ्या पडणारच. त्या मुलींना सवय असते त्याची.

तिसरासेट:
शेजारच्या कोर्टचा आवाज वेगळा हो. मी म्हणतोय की तुम्ही ज्या कोर्टमागे बसलाय तिथे सर्व्हिस करणारीने बॉल वर टाकला की तुमचा आवाज नको. पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसच्या मध्ये मुद्दाम ओरडणारे पालक मी बघितलेत, मोठी शिकलेली माणसं, समोर एकोणीस वर्षांची पोर उभी असते. मला ते बिलकुल आवडत नाही. चौदाच्या मुलीला घेऊन जाताय म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक, बॉल आत की बाहेर हे कॉलेजमध्ये बहुतेक वेळा खेळाडू स्वतःच सांगतात, बोट वर केलं की बाहेर. खुर्चीवरचा अंपायर तो निर्णय फिरवू शकतो. आपल्याच बाजूला, लाइनला चाटून पडलेला बॉल आत होता असं कबूल करायला काय लागतं, ते लेकीला जवळून बघायला मिळेल. आणि कोच कोर्टवरच असतात, बाजू बदलताना खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून काहीबाही सांगत असतात, बाजूला बसलात तर ऐकूही येतं.

बिल्वा:
मी थोडी पार्श्वभूमी देते, गाडीत गप्पांना उपयोगी पडेल. एनसीएएची मुलींची टेनिस चॅम्पियनशिप १९८२ पासून होते, आणि स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने २० वेळा जिंकलीये, जवळपास कोणी नाही. त्यातल्या २०१६ आणि २०१८ या दोन तर पंधरावं सीडिंग (स्पर्धेआधीचं मानांकन) असताना, फायनल दोन्ही वेळा ४-३. अलीकडे २०२४ ला टेक्सास ए अँड एमने जॉर्जियाला हरवलं आणि २०२५ ला त्याच दोन टीम परत फायनलला आल्या तेव्हा जॉर्जियाने ४-० ने परतफेड केली.

डॅनियल कॉलिन्सने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २०१४ आणि २०१६ ला कॉलेज सिंगल्स जिंकलं आणि २०२२ ला ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला पोचली. एमा नवारो पण व्हर्जिनियाचीच, २०२१ ची विजेती. आणि आपल्या सगळ्यांना जवळचं नाव म्हणजे ऋतुजा भोसले, तीही टेक्सास ए अँड एमकडून खेळली, पुढे रोहन बोपण्णाबरोबर हांगझोच्या एशियन गेम्समध्ये मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं. माझ्या मुलीने हे ऐकलं तेव्हा ती शांतपणे उठली आणि भिंतीवर बॉल मारायला गेली.

एक गोष्ट तपासून घ्या, सिंगल्स-डबल्सची वैयक्तिक चॅम्पियनशिप २०२४ पासून नोव्हेंबरला हलवलीये, मे महिन्यात आता फक्त टीमची असते.

बेसलाइन:
हो, आणि पावसाचं राहिलंच. वीज कडाडली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर किमान अर्धा तास थांबावं लागतं, परत चमकली की परत मोजायचं. कधी अख्खी मॅच इनडोअरला नेतात, तिथे बसायला जागा कमी असते. त्यामुळे त्याच रात्री परतायचा प्लॅन ठेवू नका. बॅग पारदर्शकच न्या, तिकिटाबरोबर साइजचे नियम येतात ते वाचा. उन्हात टोपी हवीच, छत्री उघडली तर मागच्यांना काही दिसत नाही.

वैशाखी:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लेकीला बसवून सगळं वाचून दाखवलं, बेसलाइन यांनी लिहिलंय ते त्या मुठीतल्या बॉलचं तिने दोनदा वाचायला लावलं. आता ती म्हणते आपण पाच नंबरमागेच बसायचं. डबल्ससाठी किती आधी पोचायला हवं? आणि मॅच संपल्यावर मुलींना भेटता येतं का, तिला एकीची सही हवी आहे.

ड्यूसवाली:
तासभर आधी जा, वॉर्मअप बघायला मिळतो, आणि मला विचाराल तर रिटर्न कसे बसतायत ते तिथेच कळतं. सहीसाठी बाहेर पडायच्या वाटेवर थांबा, बहुतेक जणी आनंदाने देतात. हरलेली टीम आधी कोचभोवती गोल करून बसते, तेवढा वेळ लांबच राहा. आणि सही कोणाची घ्यायची ते आधी ठरवू नका म्हणावं, मॅच झाल्यावर ठरवू दे तिला.